हलका हेडफोन : ऐकू या, समजून घेऊ या आणि थोडा बदलूही या



आजचा पाठ एका अगदी साध्या वस्तूवर आहे. कानावर टेकणारा, हलका, कमी किमतीचा, दोन्ही बाजूंना स्पंजच्या गोल गाद्या असलेला हेडफोन. बहुतेक घरांत असा एखादा असतोच. कपाटात वायरीचा गुंता होऊन पडलेला, एका बाजूचा स्पंज फाटलेला. शाळेच्या संगणक कक्षातही दोन-चार असतात. स्पंज फाटला की आपण म्हणतो, "गेला हा, नवीन आणू." नवीन येईपर्यंत मूल तोच वापरतं आणि आवाज नीट येत नाही म्हणून आवाजाचा खटका वर सरकवत राहतं.

या पाठाचा मुद्दा इथेच आहे. पाच-दहा रुपयांचा स्पंज फाटतो, त्याची किंमत मुलाचा कान मोजतो. म्हणून ही वस्तू कशी चालते हे आपल्याला कळायला हवं. ती उघडता येते, दुरुस्त करता येते आणि आपल्या सोयीने थोडी बदलताही येते. हे सगळं करताना विज्ञानाचा एक छान पाठ होतो आणि गाणं ऐकण्याची गोडीही वाढते.

हलका हेडफोन आला कुठून?

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात जॉन कॉस यांनी १९५८ साली स्टिरिओ संगीत ऐकण्यासाठी हेडफोन आणला. तोपर्यंत हेडफोन म्हणजे टेलिफोन ऑपरेटर, वायरलेस चालवणारे, सैन्यातले लोक यांचं कामाचं साधन होतं. गाणं ऐकायला घरात हेडफोन लावावा ही कल्पना तेव्हा नवी होती. पण ते हेडफोन जड होते आणि कान पूर्ण झाकून टाकत.

१९६८ मध्ये जर्मनीच्या झेनहायझर कंपनीने एचडी ४१४ नावाचा हेडफोन काढला. त्याला पिवळ्या स्पंजच्या गाद्या होत्या आणि तो मागून उघडा होता, म्हणजे बाहेरची हवा आणि आवाज आरपार जाऊ शकत होते. त्यानंतर १९७९ मध्ये जपानमध्ये सोनीचा वॉकमन आला. खिशात कॅसेट आणि डोक्यावर अगदी हलका, स्पंजवाला हेडफोन. पहिल्या वॉकमनला हेडफोनसाठी दोन भोकं होती, म्हणजे दोघांनी मिळून एकच गाणं ऐकायची सोय. शिवाय एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाण्याचा आवाज कमी होऊन समोरच्याचं बोलणं ऐकू यायचं. माणूस एकटा ऐकायला लागला की शेजारच्यापासून तुटेल, ही काळजी तेव्हाही होती, हे मुलांना जरूर सांगा.

१९८४ मध्ये कॉस कंपनीने पोर्टा प्रो हा हेडफोन काढला. धातूच्या पातळ पट्ट्या, दोन स्पंजच्या गाद्या, घडी घालता येते. आज चाळीस वर्षांनंतरही तो जवळपास त्याच रूपात विकला जातो. अमेरिकेत त्याची किंमत साधारण ५० डॉलर असते. त्याच कंपनीचा केएससी ७५ हा कानाला क्लिपने अडकवायचा प्रकार त्याहून बराच स्वस्त आहे. जगभरचे हौशी लोक हे हेडफोन आवडीने ऐकतात, उघडतात, बदलतात. या पाठात मी उदाहरण म्हणून पोर्टा प्रो घेतला आहे. पण सांगितलेलं बरंचसं तुमच्या घरातल्या कोणत्याही स्पंजवाल्या हेडफोनला लागू पडेल.

आत काय असतं?

सहावीच्या सामान्य विज्ञानात ध्वनी आहे आणि चुंबकही आहे. हेडफोनमध्ये हे दोन्ही घटक एकत्र भेटतात. आत एक छोटं गोल चुंबक असतं. त्याभोवतीच्या फटीत बारीक तारेची गुंडाळी तरंगत असते. गुंडाळी एका पातळ प्लॅस्टिकच्या पडद्याला चिकटवलेली असते. फोनमधून विजेचा प्रवाह येतो, सतत दिशा बदलतो. त्याबरोबर गुंडाळी चुंबकाकडे ओढली जाते, दूर ढकलली जाते. पडदा कंप पावतो, हवा कंप पावते आणि आपल्याला आवाज ऐकू येतो.

हे दाखवायला एक टाकाऊ हेडफोन आणि पेन्सिल सेल पुरेसा आहे. हेडफोन टेबलावर ठेवा. पिनच्या टोकाला आणि सगळ्यात मागच्या भागाला तारांनी सेल क्षणभर जोडा. "टक" असा आवाज येईल. सेल उलटा करून पुन्हा करा, पुन्हा "टक". हा प्रयोग करताना हेडफोन कानाला लावायचा नाही, लावू द्यायचा नाही. सेलचा झटका या एवढ्याशा स्पीकरला फार मोठा असतो. टेबलावर तो नुसता "टक" वाटतो, कानाशी तोच आवाज घातक ठरू शकतो.

याच्या उलटही होतं. जुन्या संगणकाला माईकसाठी गुलाबी रंगाचं भोक असतं. त्यात हेडफोनची पिन घाला, आवाज रेकॉर्ड करायचा प्रोग्राम सुरू करा आणि स्पंजजवळ तोंड नेऊन बोला. आवाज बारीक येईल, पण रेकॉर्ड होईल. ऐकायच्या वस्तूत बोलता येतं! आता पडदा आपल्या आवाजाने हलतो, गुंडाळी चुंबकाजवळ हलते आणि तारेत वीज तयार होते. मुलांच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य बघण्यासारखं असतं. आमच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "मग सर, आपला कानपण बोलतो का?" अशा प्रश्नासाठी फळ्याचा एक कोपरा राखून ठेवावा.

आधी नीट ऐकू या : तीन छोटे प्रयोग

कोणताही बदल करण्याआधी आहे तो आवाज ओळखता आला पाहिजे. त्यासाठी तबल्याचं एखादं साधं रेकॉर्डिंग घ्या. तबल्यात डग्ग्याचा घुमारा असतो आणि चाटीचा टणत्कारही असतो, म्हणून दोन्ही टोकं तपासता येतात. आवाज बेताचाच ठेवा.

प्रयोग १. हेडफोन नेहमीसारखा लावा. मग दोन्ही गाद्या बोटांनी हलकेच कानाकडे दाबा. डग्गा एकदम भरदार होईल. आता गाद्या कानापासून बोटभर दूर धरा. डग्गा जवळजवळ गायब, फक्त चाटीची टकटक उरेल.

असं का होतं? पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. गादी आणि कान यांच्यात फट असेल, तर ही हवा फटीतून इकडून तिकडे जाते आणि दाब कानापर्यंत पोचतच नाही. खर्जाच्या आवाजात पडदा सावकाश हलतो, हवेला निसटायला भरपूर वेळ मिळतो. म्हणून फट पडली की आधी खर्ज जातो.

प्रयोग २. हेडफोन लावून बाहेरच्या जाळीवर तळहात धरा. आवाज बदलला तर तुमचा हेडफोन मागून उघडा आहे. काहीच फरक नाही, तर तो बंद प्रकारचा. पोर्टा प्रो उघडा आहे. उघड्या हेडफोनमध्ये गाणं डोक्यात कोंडल्यासारखं वाटत नाही, आजूबाजूला असल्यासारखं वाटतं. शिवाय आईने हाक मारली की ऐकू येते.

प्रयोग ३. एका बाजूचा स्पंज काढा, दुसऱ्या बाजूचा तसाच ठेवा आणि ऐका. स्पंज नसलेली बाजू जास्त टोकदार, कर्कश वाटेल. स्पंज फक्त कानाला मऊ लागावा म्हणून नसतो, तो आवाजाचाही भाग असतो.

तिन्ही निरीक्षणं मुलांनी स्वतःच्या शब्दांत वहीत लिहावीत. "घुमतो", "टोचतो", "पोकळ वाटतो", "लांबून येतो" असे शब्द चालतील. शब्दसंपत्तीचा उपक्रमही आपोआप होतो.

आवाज बदलणं आपल्याला नवीन नाही

वस्तूत फेरफार करून आवाज घडवणं हे काही परदेशी खूळ नाही. आपल्या गावातल्या भजनी मंडळात बघा. पखवाज वाजवण्याआधी डाव्या पुडीला ओली कणीक लावतात. कणीक लावली की "धूम" खाली उतरते, दाट होते. कणीक कमी-जास्त करून वादक हवा तो आवाज आणतो. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतात. दोरा किंचित इकडे-तिकडे झाला की आवाजाची झळाळी बदलते. हेडफोनचा स्पंज बदलणं हे त्याच घराण्यातलं काम आहे. नियमही तोच आहे : एका वेळी एकच बदल, मग ऐकायचं, मग ठरवायचं.

कोणते बदल करावेत?

सोप्याकडून अवघडाकडे जाऊ या.

१) स्पंज बदला. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी बदल. घाम, दमट हवा, ऊन यांनी स्पंज काही वर्षांत कुजतो, चुरा होतो. पट्टीने गोल कडेचा व्यास मोजा. अशा हेडफोनला बहुधा पाच सेंटिमीटरच्या आसपासच्या गाद्या बसतात. नवीन स्पंज चढवताना एका बाजूची कड आधी अडकवा आणि मग गोल फिरवत ताणत जा. जोरात ओढू नका. जाड स्पंजाने पडदा कानापासून लांब जातो आणि खर्ज कमी होतो. पातळ स्पंजाने पडदा जवळ येतो, पण कान लवकर दुखू शकतो. शाळेत एकच हेडफोन अनेक मुलं वापरत असतील, तर गाद्या काढून साबणाच्या कोमट पाण्यात हलकेच धुवा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. ओला स्पंज चढवायचा नाही.

२) पट्टी जुळवा. मुलाचं डोकं लहान, पट्टी मोठ्या माणसाच्या मापाची. मग गादी कानावर बसतच नाही, खाली घसरते. प्रयोग १ आठवा. गादी नीट टेकली नाही की खर्ज गेला आणि मूल आवाज वाढवणार. पट्टी आधी लहान मापावर आणा. तरीही सैल वाटली, तर धातूची पट्टी दोन्ही हातांनी अगदी थोडी आत वाकवा. फार घट्ट होत असेल, तर रात्रभर दोन-तीन पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवा. पोर्टा प्रोला कानाच्या वर कानशिलाशी टेकणाऱ्या छोट्या उशा आणि दाब कमी-जास्त करायचा खटका आहे, म्हणून सगळा भार कानावर येत नाही. केएससी ७५ घेऊन त्याच्या क्लिपा काढून तो दुसऱ्या डोकेपट्टीवर बसवणारे हौशी लोकही बरेच आहेत.

३) वायर दुरुस्त करा. एका बाजूने आवाज येत नसेल, तर नव्वद टक्के वेळा संशय पिनजवळच्या वाकलेल्या वायरीवरच घ्यावा. वायर तिथे हलवून बघा, आवाज येतो-जातो का. नवीन पिन सोल्डर करायचं काम मोठ्यांनी करावं. आतल्या केसासारख्या बारीक तारांवर रंगीत लाखेसारखा थर असतो. तो सोल्डरिंगच्या उष्णतेने जाळल्याशिवाय किंवा अलगद खरवडल्याशिवाय जोड बसत नाही. बरेच जण इथेच अडतात. लाल तार बहुधा उजव्या बाजूची असते, तरी मल्टिमीटरने खात्री करून घ्या.

४) आवाजाला लगाम घाला. हा बदल मुलांसाठी सगळ्यात महत्त्वाचा. हेडफोनची वायर कापायची नाही. बाजारात साडेतीन मिलिमीटर पिनची एक्स्टेंशन वायर मिळते, ती मध्ये कापा. डाव्या तारेत एक आणि उजव्या तारेत एक, असे १२० ओहमचे, पाव वॅटचे दोन रेझिस्टर जोडा. सामाईक तारेत, म्हणजे ग्राउंडमध्ये, काही जोडू नका. तिथे जोडलं तर डावा-उजवा आवाज एकमेकांत मिसळतो. जोडांवर इन्सुलेशन टेप लावा. झालं.

गणित सोपं आहे. पोर्टा प्रोचा रोध ६० ओहम. त्याच्यापुढे १२० ओहम आले, एकूण १८०. म्हणजे हेडफोनला दाबाचा, व्होल्टेजचा, एक तृतीयांश भागच मिळतो. आवाज साधारण साडेनऊ डेसिबलने उतरतो. बऱ्याच स्वस्त हेडफोनचा रोध ३२ ओहम असतो. त्यांना हीच वायर लावली तर आवाज आणखी थोडा जास्त उतरेल. नको झालं की वायर काढून ठेवा, हेडफोन आहे तसाच राहतो.

५) जाळीला छिद्रं पाडणं. हौशी मंडळी स्पंजखालच्या प्लॅस्टिकच्या चकतीतली बंद छिद्रं बारीक ड्रिलने मोकळी करतात, त्याने वरच्या पट्टीतला आवाज अधिक मोकळा होतो. माझा सल्ला : शाळेत हे करू नका. पडदा लगेच खाली असतो आणि आतलं चुंबक ड्रिलचं लोखंडी टोक खस्सकन ओढून घेतं. एकदा पडदा फाटला की दुरुस्ती नाही. वरचे चार बदल उलटवता येतात, हा येत नाही. मुलांना हा फरक सांगण्यासाठी मात्र हे उदाहरण उत्तम आहे.

कानाचं गणित

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार लहान मुलांसाठी सुरक्षित ऐकण्याची मर्यादा ७५ डेसिबल आवाजात आठवड्याला ४० तास अशी धरली जाते. आवाज ३ डेसिबलने वाढला की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करायचा. आता मुलांना फळ्यावर पुढचं काढायला सांगा :

७५ डेसिबल – ४० तास
७८ डेसिबल – २० तास
८१ डेसिबल – १० तास
८४ डेसिबल – ५ तास
८७ डेसिबल – अडीच तास
९० डेसिबल – सव्वा तास

हे सगळं आठवड्याचं आहे बरं का, दिवसाचं नाही! पोर्टा प्रोला फक्त एक मिलिवॅट वीज दिली तरी १०१ डेसिबल आवाज होतो, असं कंपनीचीच माहिती सांगते. साधा मोबाईलही इतकी वीज सहज देऊ शकतो. म्हणजे हेडफोन हलका आहे, स्वस्त आहे, म्हणून निरुपद्रवी आहे असं समजू नये. कानातल्या ज्या सूक्ष्म केसपेशी मोठ्या आवाजाने मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत. स्पंज बदलून मिळतो, कान मिळत नाही.

आता वरची लगामाची वायर आठवा. तिने साडेनऊ डेसिबल कमी केले, म्हणजे तीन पायऱ्या खाली. तीन पायऱ्या म्हणजे वेळ आठपट. दोन रेझिस्टर आणि थोडं सोल्डर, बस एवढंच.

एक सावधगिरी आणखी. उघडा हेडफोन बाहेरचा आवाज अडवत नाही. एसटीत, जत्रेत, मिक्सर चालू असलेल्या स्वयंपाकघरात तो लावला की मूल गोंगाटावर मात करायला आवाज वाढवतं. म्हणून हा हेडफोन शांत जागेसाठी. गोंगाटात ऐकायचंच नाही, हा नियम जास्त चांगला.

वर्गात कसं घ्याल?

तीन तासिका पुरतात. पहिल्या तासिकेत टाकाऊ हेडफोन उघडणं, भागांची नावं, सेलचा प्रयोग. दुसऱ्या तासिकेत ऐकण्याचे तीन प्रयोग आणि नोंदी. तिसऱ्या तासिकेत डेसिबलचं गणित आणि घरचा उपक्रम : प्रत्येकाने घरातला एक हेडफोन तपासायचा. स्पंज शाबूत आहे का, पट्टी बसते का, दोन्ही बाजू चालतात का, फोनमध्ये आवाजाची मर्यादा लावली आहे का. घरी हेडफोन नसेल, त्या मुलाने शाळेतला तपासायचा. कुणालाही नवीन आणायला सांगू नका.

पालकहो, तुमच्यासाठी एकच विनंती. मुलाने आवाज वाढवला की लगेच रागवू नका. आधी हेडफोन हातात घ्या, स्पंज बघा, पट्टी बघा, आजूबाजूचा गोंगाट बघा. मग तोच हेडफोन स्वतःच्या कानाला लावून अर्धा मिनिट ऐका. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडेल, आणि त्यानंतर तुम्ही जे सांगाल ते मुलाला पटेल.